दोघींचा एकच नकाशा

रोहिणी मगदूम आंबा घाटातून एसटी चालवायची. दाट धुकं, समोरून लाकडाने लादलेले ट्रक, आणि मागच्या सीटवर निर्धास्त घोरणारी म्हातारी माणसं. डेपोतले पुरुष ड्रायव्हरसुद्धा तिच्या हाताला मानत. तीच रोहिणी त्या मंगळवारी एमआरआयच्या यंत्रासमोर हिरवा गाऊन घालून उभी राहिली आणि तिचं पाऊल पुढे पडेना. पांढऱ्या भिंतीत माणूस जेमतेम मावेल एवढं भोक होतं. त्यात अर्धा तास न हलता पडून राहायचं होतं.

"आक्का, मला नाही जमायचं," कपडे बदलायच्या खोलीत परत येऊन ती म्हणाली. तिच्या कपाळावर घाम डवरला होता. "आत गेले की छातीवर कुणी बसल्यासारखं होतंय."

आक्का म्हणजे कृत्तिका. रोहिणीहून काही मिनिटांनीच मोठी. त्यांचे वडील शाळामास्तर होते आणि त्यांना आकाशाचं वेड होतं, म्हणून जुळ्या मुली झाल्या तेव्हा आधी आलेली कृत्तिका आणि मागून आलेली रोहिणी, असं त्यांनी ठरवूनच टाकलं. दोघींचं नाक, हनुवटी, हसताना डाव्या गालावर पडणारी खळी, सगळं एक. कृत्तिका वडिलांच्या वाटेने गेली. तासगावच्या शाळेत विज्ञान शिकवायची. रोहिणीने स्टिअरिंग धरलं. पंचेचाळिशीला आल्यावर दोघींच्या पोटात उजव्या बरगडीखाली एकाच वर्षी कळा सुरू झाल्या. दोघींच्याही पित्ताशयात खडे निघाले.

त्या वर्षी सांगलीतल्या एका मोठ्या रुग्णालयात पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेचा अभ्यास चालू होता. दुर्बिणीचं ऑपरेशन आता जुनं झालं होतं: पोटाला चार भोकं, एकातून कॅमेरा, बाकीच्यांतून लांब सरळ चिमटे आणि टेबलाशी उभा सर्जन. त्यानंतर रोबो आले. सर्जन लांब खुर्चीत बसून मूठ वळवणार आणि पोटातला बारीक यांत्रिक हात तशीच मूठ वळवणार. आता त्याच्याही पुढचं यंत्र आलं होतं. त्याचं नाव सव्यसाची. त्याला कुणाचा हात लागत नसे. आधी एमआरआयवरून तो त्या माणसाच्या पोटातल्या नळ्यांचा नकाशा मनात भरून घ्यायचा आणि मग आपणच पित्ताशय सोडवून बाहेर काढायचा. सर्जनने फक्त पडद्यासमोर बसून लक्ष ठेवायचं. हे जमलं, तर ज्या तालुक्यांत सर्जन टिकत नाही तिथेही ऑपरेशनं होणार होती. पूर्वेकडच्या दुष्काळी भागात त्याच्यासाठी खोल्यासुद्धा बांधून तयार होत्या.

पण यंत्र चांगलं की हात चांगला, हे ठरवायचं कसं? डॉक्टरांनी आपल्या मर्जीने सोपे रुग्ण यंत्राकडे आणि अवघड हाताकडे दिले, तर यंत्र जिंकल्यासारखं दिसणार. म्हणून कोण कुणाकडे जाणार ते चिठ्ठी ठरवत असे. या दोघी बहिणींना तर डॉक्टरांनी खास विचारलं होतं. एकाच अंड्यातून झालेल्या जुळ्या, एक यंत्राकडे, एक हाताकडे! असा योग पुन्हा कुठला? दोघींनी हो म्हटलं. नकाशा मात्र दोघींचाही हवा होता, कारण चिठ्ठी नंतर निघणार होती.

"डॉक्टर म्हणाल्या, झोपेचं इंजेक्शन देऊन करता येतं," रोहिणी म्हणाली. "भूल देणारे गुरुवारी असतात. गुरुवारी येऊ की गं."

कृत्तिका गुरुवारी पुण्याला निघणार होती. तिच्या वर्गातल्या मुलांचा प्रकल्प राज्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी निवडला गेला होता. वर्षभर ती त्याच्या मागे होती. ती नसली तर रोहिणी एकटी कुठली येते? ती टाळणार, पुढे ढकलणार, आणि एखाद्या दिवशी घाटात, भरल्या गाडीत तिला कळ येणार. हे सगळं कृत्तिकाच्या मनात आलं, आणि ते खोटंही नव्हतं. पण आधी आलं ते प्रदर्शन.

"मी जाते आत," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"तुझ्या जागी. माझं तर झालंच आहे, पुन्हा एकदा पडून राहीन. अगं, एकाच अंड्यातून आलोय आपण. बाहेरून एक, तशाच आतूनही एक. माझा नकाशा तोच तुझा."

"खरंच?"

"विज्ञान कोण शिकवतं? तू की मी?"

रोहिणी हसली. त्या हसण्यातली सुटका कृत्तिकाला पुढे कितीदा आठवायची होती, ते तेव्हा कुठे ठाऊक होतं. दारावरच्या कॅमेऱ्याने कृत्तिकाचा चेहरा पाहिला, जरा घुटमळला आणि नर्सला विचारलं. नर्सने हसून मान वर केली. "तुम्ही रोहिणीच ना? दागिने काढलेत सगळे?"

"हो," कृत्तिका म्हणाली आणि दुसऱ्यांदा त्या बोगद्यात शिरली.

पुढच्या आठवड्यात चिठ्ठ्या निघाल्या. कृत्तिका हाताकडे, रोहिणी सव्यसाचीकडे. पुण्याहून मुलांनी दुसरा नंबर आणला होता आणि कृत्तिका हवेत होती. तरी चिठ्ठी ऐकताना तिच्या मनात आलं: यंत्र नकाशावर चालतं, आणि तो नकाशा रोहिणीचा नाही. डॉ. जमादार समोरच बसल्या होत्या. शांत आवाजाच्या, मिरजेच्या, पन्नाशीच्या सर्जन. त्यांना सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण मग दोघी खोटं बोललो हेही सांगावं लागलं असतं. आणि जुळ्याच तर आहोत, असं स्वतःला बजावत कृत्तिकाने ते वाक्य गिळलं.

दोघींची ऑपरेशनं एकाच दिवशी झाली. कृत्तिकाचं डॉ. जमादारांनी स्वतःच्या हातांनी केलं. ती दुसऱ्या दिवशी उठून वऱ्हांड्यात फिरायला लागली. रोहिणीही उठली, पण तिसऱ्या दिवशी तिला थंडी वाजून ताप भरला. पोट फुगलं. डोळे पिवळे झाले. पोटात पित्त झिरपत होतं. तिला पुन्हा टेबलावर घेतलं, आणि या वेळी आठ इंचांचा चिरा देऊन, तासन्तास.

दुसऱ्या दिवशी डॉ. जमादारांनी कृत्तिकाला आणि रोहिणीच्या नवऱ्याला, भरतला, खोलीत बोलावलं. भरत डेपोतच मेकॅनिक होता. तो ओलसर डोळ्यांनी टोपी हातात फिरवत बसला होता. डॉक्टरांनी कोऱ्या कागदावर चित्र काढलं. वर यकृत, खाली त्याला लोंबणारं पित्ताशय, शेजारून आतड्याकडे जाणारी पित्ताची मुख्य नळी.

"पित्ताशय काढताना त्याची ही छोटी नळी बंद करून कापायची असते," त्या म्हणाल्या. "मोठ्या नळीला धक्का लागता कामा नये. ती गेली तर पित्ताची वाटच बंद होते. रोहिणीताईंच्या बाबतीत यकृताच्या उजव्या बाजूची एक फांदी नेहमीपेक्षा खाली उतरून पित्ताशयाच्या नळीलाच मिळाली होती. काही लोकांत असतं असं. सव्यसाचीने तिला पित्ताशयाची नळी समजून कापलं. नकाशात ती फांदी नव्हतीच."

"आणि माझ्यात?" कृत्तिकाने विचारलं. आवाज आपला नाहीच असं तिला वाटलं.

"तुमच्यात नाही. मी डोळ्यांनी पाहिलंय."

"पण आम्ही जुळ्या... एकच जनुकं..."

"जनुकं एक असली तरी शरीर काही छापखान्यातून निघत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "जुळ्यांच्या बोटांचे ठसे वेगळे असतात ना? तसंच हे. गर्भात या नळ्या फुटतात, वाढतात, एकमेकींना मिळतात, तेव्हा थोडं इकडे थोडं तिकडे होतं. जनुकं आराखडा देतात. प्रत्येक फांदी कुठे वळेल हे ती ठरवत नाहीत."

बोटांचे ठसे. सातवीला ती हेच शिकवायची. दरवर्षी मुलांच्या अंगठ्यांना शाई लावून. कृत्तिका त्या चित्राकडे बघत राहिली. भरतने विचारलं, "मग आता कसं हो मॅडम?" आणि डॉक्टर सांगू लागल्या की आतड्याचा एक भाग वर ओढून यकृताच्या तुटल्या नळीला जोडलाय, जोड टिकेल अशी आशा आहे, पण पुढे तो आवळत जाऊ शकतो. कृत्तिकाला त्यातलं निम्मंच ऐकू येत होतं.

चौकशी समिती बसली. समितीने दोघी बहिणींचे नकाशे शेजारी ठेवले तर ते तंतोतंत सारखे निघाले, आणि रोहिणीच्या उघड्या पोटात दिसलेल्या नळ्यांशी तर मुळीच जुळेनात. यावरून समितीने अनुमान काढलं ते सरळ होतं: चेहरे सारखे दिसल्यामुळे यंत्रणेने दोन माणसांचा मिळून एकच नकाशा केला. 'सव्यसाचीला माणसांतला फरक कळत नाही' असा मथळा वर्तमानपत्रांनी दिला. अभ्यास थांबला. दुष्काळी भागात निघालेली यंत्रं खोक्यांसकट परत फिरली. डॉ. जमादार पडद्यासमोर होत्या, म्हणून त्यांना शस्त्रक्रियांपासून दूर ठेवण्यात आलं.

कृत्तिकाने तो मथळा शाळेच्या स्टाफरूममध्ये वाचला. शेजारचे सर म्हणाले, "बघा मॅडम, यंत्रावर भरवसा ठेवायचा म्हणजे असं." ती हूं म्हणाली.

रोहिणी वाचली. पण महिना-दीड महिन्याने तिला हुडहुडी भरून ताप यायचा, जोडाजवळ जंतू शिरायचे, मग आठवडाभर सलाईन. महामंडळाच्या डॉक्टरांनी तिला गाडी चालवायला मनाई केली. डेपोच्या चौकशी खिडकीत बसून आता ती माइकवरून सांगायची, रत्नागिरीला जाणारी गाडी फलाट चारवर लागली आहे. गाडी निघून गेली की ती काचेतून तिच्या मागच्या दिव्यांकडे बघत बसायची. भरतने हे कृत्तिकाला सांगितलं तेव्हा तिने मान फिरवली.

दर रविवारी ती तासगावहून सांगलीला यायची. तेल कमी घातलेल्या भाज्या, मऊ भात, रोहिणीला आवडणारी शेवग्याची आमटी घेऊन. रोहिणीचे केस विंचरायची, कपडे धुवायची, घर झाडायची. रोहिणी म्हणायची, "अगं बस की जरा. माझी सासू पण एवढं करत नव्हती." आणि मग ती सव्यसाचीला शिव्या द्यायची. ड्रायव्हरच्या ठेवणीतल्या, झणझणीत. "मेल्याला दोन माणसं ओळखता येत नाहीत आणि निघालाय पोटं फाडायला." भरत हसायचा. कृत्तिकालाही हसावं लागायचं. एमआरआयच्या दिवशीची अदलाबदल रोहिणीच्या लक्षात होती, पण तिने ती या सगळ्याशी कधी जोडलीच नव्हती. आक्काने सांगितलं होतं ना, आतून एकच आहोत. आक्का कशी चुकेल?

किती रविवार कृत्तिका ठरवून आली, आज सांगायचंच. आणि रोहिणीच्या हातात ताट दिलं की भाजीचंच काहीबाही बोलत बसायची. तिला बरं नाही, आता नको. आज बरी आहे, कशाला बिघडवायचं. कारणाला तोटा नसतो.

असेच आठ महिने गेले, आणि एका रविवारी दारात डॉ. जमादार उभ्या राहिल्या. एकट्याच, हातात फळांची पिशवी. त्यांचा चेहरा उतरला होता, केस अचानक पांढरे झाल्यासारखे दिसत होते. रोहिणीने त्यांना खुर्ची दिली. कृत्तिका आत चहा टाकायला गेली. दोन खोल्यांचं घर. सगळं ऐकू येत होतं.

"मी यायला उशीर केला," डॉक्टर म्हणत होत्या. "चौकशी चालू असताना भेटू नका असं सांगितलं होतं. पण मला ते कारण पुरेसं वाटत नाही. रोहिणीताई, माझ्या डोळ्यांसमोर हे झालं. मला माफ करा."

कृत्तिकाने दारातून पाहिलं. डॉक्टरांनी हात जोडले होते.

"अहो मॅडम, हे काय करताय!" रोहिणी गडबडून म्हणाली. "तुमचा काय दोष? त्या यंत्राचं डोकं फिरलं."

"यंत्रावर लक्ष ठेवायला मीच होते ना."

चहा उतू जाऊन शेगडी विझली. कृत्तिका तशीच उभी राहिली. जी चूक तिची होती, तिची माफी दुसरीच बाई मागत होती, आणि जिच्याकडे मागत होती ती रोहिणी उलट तिचंच सांत्वन करत होती.

डॉक्टर निघाल्या तेव्हा त्यांना पोहोचवण्याचं निमित्त करून ती जिन्यापर्यंत गेली. खाली उतरताना मध्येच थांबली.

"मॅडम, यंत्रानं दोघींचा एक नकाशा केला नाही. तो एकच होता. दोन्ही वेळा आत मीच झोपले होते."

डॉ. जमादार वळल्या. त्यांना कळायला थोडा वेळ लागला. मग त्या हळूच पायरीवर बसल्या. कृत्तिकाने सगळं सांगितलं. बोगदा, गुरुवार, पुणं, चिठ्ठीच्या वेळी गिळलेलं वाक्य. काही राखलं नाही. 

"हे ऐकून मला हलकं वाटायला हवं," डॉक्टर म्हणाल्या. "वाटत नाही. तुम्हाला एक सांगते. समितीला मी सांगितलंय, पण पेपरात ते आलं नाही. सव्यसाची थांबला होता."

"थांबला होता?"

"कापण्याआधी. 'नकाशा आणि समोरचं दृश्य जुळत नाही, पुढे जाऊ का?' असं त्याने विचारलं. मी पडद्यावर पाहिलं. नकाशा स्वच्छ होता, वाटलं सुजेमुळे तसं दिसतंय. त्याआधीच तुमचं ऑपरेशन मी केलं होतं, तुमच्या नळ्या माझ्या डोळ्यांसमोर ताज्या होत्या. जुळी बहीण, तसंच असणार, असं मीही धरून चालले. उठून टेबलापाशी गेले असते, दुर्बीण स्वतःच्या हातात घेतली असती, तर कळलं असतं. मी बसल्या जागेवरून त्याला जा म्हटलं."

दोघी त्या जिन्यात होत्या. खालून कुणीतरी गॅसची टाकी घेऊन वर आलं, त्याला वाट द्यायला दोघी भिंतीला टेकल्या.

"समितीला मी सांगेन," डॉक्टर उठत म्हणाल्या. "तुम्हाला समोर यावं लागेल. पण आधी तिला सांगा. तिला हे पेपरातून कळता कामा नये."

कृत्तिका पुन्हा वर गेली. रोहिणी पलंगावर बसून डॉक्टरांनी आणलेलं मोसंबं सोलत होती, भरत रेडिओची वायर जोडत होता. कृत्तिका समोर बसली आणि तिने सगळं सांगितलं, सव्यसाचीने थांबून विचारलं होतं तेसुद्धा.  रोहिणीच्या हातातली फोड तशीच राहिली.

आधी बोलला तो भरत. "आक्का, आठ महिने तुम्ही डबे आणत होता," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "मी डेपोत सगळ्यांना सांगत होतो, बहीण असावी तर अशी."

रोहिणीने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "तुला कधी कळलं?"

"दवाखान्यातच. डॉक्टरांनी चित्र काढलं तेव्हा."

"म्हणजे पहिल्याच आठवड्यात."

"हो."

"मी भ्याले होते. खरंय," रोहिणी म्हणाली. "पण मी गुरुवारी येऊ म्हणाले होते की गं, आक्का."

 रोहिणीने फोड ताटलीत ठेवली, हात पदराला पुसले. "तू जा आता," ती म्हणाली. कृत्तिका उठली. तिचा रिकामा डबा भरतने दारात तिच्या हातात दिला, धुवून पुसून.

समितीपुढे कृत्तिकाने जबाब दिला. पेपरात पुन्हा मथळे आले. या वेळी तिच्या नावाचे. मुख्याध्यापकांनी तिला काही दिवस रजा घ्यायला सुचवलं. परत आली तेव्हा सातवीतल्या एका मुलीने हात वर करून विचारलं, "मॅडम, तुम्ही सांगितलेलं बरोबर असतं का हे आम्ही कसं ओळखायचं?" तिने फळ्यावरून हात खाली घेतला आणि म्हणाली, "तपासून." मुलगी खाली बसली. वर्गात कुणी हसलं नाही.

अभ्यास पुन्हा सुरू झाला. चेहऱ्याऐवजी आता बोटांचे ठसे घेऊ लागले. आणखी एक नियम आला: यंत्र शंका घेऊन थांबलं, तर सर्जनने खुर्चीतून उठून टेबलापाशी जायचं, स्वतः पाहायचं, मगच परवानगी द्यायची. डॉ. जमादारांना परत घेतलं. त्यांनी एकदा फोनवर कृत्तिकाला सांगितलं की रोहिणीची इजा अभ्यासात यंत्राच्याच नावावर राहणार.

"पण दोष त्याचा नव्हता," कृत्तिका म्हणाली.

"ज्याच्याकडे रुग्ण गेला त्याच्या नावावर जे झालं ते लिहायचं, हा नियमच आहे. आणि मला तो पटतो. उद्या हे यंत्र खेड्यापाड्यांत जाईल तेव्हाही माणसं घाबरतील, घाई करतील, खोटं बोलतील. त्याला त्यांच्यातच काम करायचंय."

शेवटी आकडे आले तेव्हा हात आणि यंत्र यांत फारसा फरक निघालाच नाही. यंत्र थकत नव्हतं, त्याचं मनगट पोटातल्या कोपऱ्यात वळत होतं. हाताला चिमट्यात धरलेल्या नळीची ओढ जाणवत होती, संशय आला की हात आपसूक थांबत होता. खोक्यांतली यंत्रं पुन्हा पूर्वेकडे निघाली.

या सगळ्या काळात रोहिणीचा फोन आला नाही. कृत्तिकाने रविवारी जाणं बंद केलं होतं. नेहमीच्या वेळेला ती घरातच इकडून तिकडे फिरायची आणि दुपारी कधीतरी थकून बसायची.

पावसाळा सरता सरता भरतचा फोन आला. "आक्का, जोड आवळत चाललाय. पुन्हा ऑपरेशन आहे, सोमवारी. रोहिणीनं तुम्हाला कळवायला सांगितलं." तो घुटमळला. "या असं नाही म्हणाली. कळव म्हणाली."

"बरं," कृत्तिका म्हणाली. सोमवारी पहाटेच्या गाडीने ती सांगलीला गेली.

रोहिणी वाळली होती. गळ्याची हाडं वर आली होती. दोघींना शेजारी उभं केलं असतं तर आता कुणीही वेगळं ओळखलं असतं. खोलीत डॉ. जमादार होत्या, भरत होता. कृत्तिका दाराशीच उभी राहिली.

"एमआरआय झाला?" काहीतरी विचारायचं म्हणून तिने विचारलं.

"झाला. झोपेचं इंजेक्शन घेतलं," रोहिणी म्हणाली. "त्यात काय लाज?"

डॉक्टरांनी घसा साफ केला. "रोहिणीताई, काल विचारलं ते पुन्हा विचारते. हे काम अवघड आहे, दोन्ही तऱ्हांनी करता येतं. मी हातानं करते, किंवा सव्यसाची करेल आणि मी टेबलापाशी उभी राहीन. तुम्ही म्हणाल तसं. घाई नाही."

"मी ठरवलंय," रोहिणी म्हणाली. "त्या यंत्राला करू द्या."

भरत चमकला. "अगं, त्यानंच तर..."

"त्यानं निदान विचारलं तरी होतं," रोहिणी म्हणाली.

ती कुणाकडे बघून बोलली नाही. डॉ. जमादारांनी मान खाली घातली आणि हळूच होकार दिला. कृत्तिकाने दाराच्या चौकटीवर हात टेकला. ते वाक्य डॉक्टरांना आणि तिला मिळून होतं, आणि त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं.

ट्रॉली आली. रोहिणीला तिच्यावर घेतलं. दारातून जाताना तिने ट्रॉली ढकलणाऱ्याला थांबवलं आणि कृत्तिकाला म्हणाली, "ह्यांनी सकाळपासून पोटात काही घेतलेलं नाही. चहा पाज त्यांना." एवढंच. ट्रॉली पुढे गेली.

कृत्तिकाने चहा आणला, दोन बिस्किटं आणली. भरतने कप घेतला. बाहेरच्या बाकावर दोघं बसले, मध्ये एका माणसाची जागा सोडून. समोरच्या फलकावर आतल्या कामाची खबर अक्षरांत उमटत होती. नव्या नियमांबरोबर हेही आलं होतं. 'सुरू आहे.' पुन्हा 'सुरू आहे.' मग अचानक अक्षरं बदलली: 'थांबलो आहे. डॉक्टर पाहत आहेत.'

भरत फलकाकडे वाकला. "म्हणजे काय, आक्का?"

"त्याला कसली तरी शंका आलीय. डॉक्टर स्वतः बघतायत."

"मग... नीट होईल ना सगळं?"

होणारच, हे शब्द तिच्या जिभेवर आले. आयुष्यभर लोकांना तिने असंच उत्तर दिलं होतं, ठाम, फळ्यावर लिहिल्यासारखं.

"मला माहीत नाही, भरतराव," ती म्हणाली.

भरतने तिच्याकडे पाहिलं, मग फलकाकडे. बराच वेळ अक्षरं तशीच होती. त्याने चहाचा कप खाली ठेवला, बाकावर सरकून मधली जागा भरून काढली, आणि दोघं फलकाकडे बघत राहिले.